युरिक ॲसिड वाढलंय, तर सोयाबीन आणि टोफू बंद करावं का?

नका करू. तुमचं युरिक ॲसिड ८.२ आलंय, अंगठा सुजलाय, घरच्यांनी डाळी आणि सोयाबीन दोन्ही बंद केलंय. आणि तुम्ही शाकाहारी, मग प्रोटीन आणायचं कुठून? अकरा वर्षांपूर्वी मलाही हाच प्रश्न पडला होता.

आम्ही लातूरकडचे, सोयाबीन घरच्याच शेतातलं. गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून येणाऱ्या सुजेचा, पहिला झटका आला तेव्हा अंगठ्याला चादर लागली तरी जीव जायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून दीड वर्ष वरणाशिवाय भात खाल्ला. अंगातली ताकद गेली, झटके मात्र येतच राहिले. कारण रोजचं कोल्ड्रिंक सुरूच होतं आणि सूज उतरली की मी ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड कमी करणारी गोळी आपल्या मनानेच सोडत होतो.

सोयाबीनमध्ये प्युरिन, म्हणजे शरीरात ज्याचं युरिक ॲसिड बनतं तो घटक, असतं, हे खरंच आहे. पण अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या खाण्याची १२ वर्षं नोंद ठेवली, त्याचा निष्कर्ष २००४ साली आला: मटण आणि मासळीने गाऊटचा धोका वाढतो, प्युरिनवाल्या भाज्यांनी वाढत नाही, दुधादह्याने तर कमी होतो. पुढे सिंगापूरच्या चिनी लोकांच्या अभ्यासात सोया जास्त खाणाऱ्यांना गाऊट कमीच दिसला.

मात्र सोयाचे सगळे पदार्थ सारखे नाहीत. टोफू बनताना थोडं प्युरिन पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून मला तो सगळ्यात बरा वाटतो. सोया वड्या तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या बनतात. कोरड्या १०० ग्रॅममध्ये जवळपास निम्मं प्रोटीनच. मी कोरड्या मूठभरच घेतो, गरम पाण्यात भिजवतो, दोनदा पिळून पाणी फेकतो, तेही आठवड्यातून दोनदा. डब्यातली प्रोटीन पावडर मी घेत नाही. झटका आलेला असेल तेव्हा वड्या थांबवतो, मुगाचं वरण थांबवत नाही.

किडनीचा त्रास किंवा मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि सोया यांत काही तासांचं अंतर हवंच.

आणि एक, बीपीची गोळी सुरू असेल तर तिच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय का बघा. त्यानेही युरिक ॲसिड वाढतं. स्वतःहून बंद करू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.