नवं जनावर दावणीला बांधण्याआधी

जनावरांच्या बाजारातून गोठ्यात शिरणाऱ्या रोगांविषयी नाशिक जिल्ह्यातल्या पशुपालकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आणली. खाते, रवंथ करते. तरी वेगळी बांधायची का? (सिन्नर)

बांधायचीच. व्यापारी खोटं बोलतो म्हणून नव्हे, त्यालाही ठाऊक नसतं म्हणून. तो चार गावांतून चार गायी उचलतो, दोन रात्री एका दावणीला बांधतो आणि एकाच पिकअपमध्ये भरतो. गाय चांगल्या गोठ्यातून निघाली असेलही, पण वाटेत तिच्या शेजारी कोण उभं होतं? लाळ्या-खुरकुताची लक्षणं लागण झाल्यावर २ ते १४ दिवसांनी दिसतात, लम्पीला (अंगावर गाठी येणाऱ्या रोगाला) कधी ४ आठवडेही लागतात. सौदा ठरतो तो नेमका या मधल्या दिवसांत.

२८ दिवस वेगळी ठेवा. दावणीच्या टोकाला बांधलेली गाय वेगळी होत नाही. छप्पर, गव्हाण, बादली, दावं सगळं निराळं हवं आणि तिच्या मुताचा ओघळ जुन्या गोठ्याकडे यायला नको. जागा नसेल तर कांदाचाळीच्या आडोशाला ताडपत्री बांधली तरी भागतं. चारापाणी आणि धार आधी जुन्या जनावरांची, मग तिची. क्रम उलटला की तुमचे हात आणि गमबूटच रोग पोचवतात. लम्पी माश्या-डासांतूनही पसरतो, तेव्हा फवारणी दोन्हीकडे करा. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३ च्या वर गेलं तर तोंडात फोड यायची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर डॉक्टरांकडून तपासून लसीची तारीख बघा. आदल्या दिवशी टोचलेली लस आज कामाची नाही.

प्रश्न : भाव आला नाही म्हणून बैलजोडी परत आणली. ती तर आमचीच! (निफाड)

बैल तुमचे, पण दिवसभर पाणी बाजारच्या हौदाचं. त्यांनाही २८ दिवस.

प्रश्न : घोटीहून डांगी बैल आणला. काही आठवड्यांनी संकरित गाय गोचीड तापाने गेली, बैल मात्र धडधाकट. संबंध असेल? (दिंडोरी)

असू शकतो. डांगीसारखं देशी जनावर थायलेरियाचे, म्हणजे गोचीड तापाचे, जंतू रक्तात बाळगूनही ठणठणीत दिसतं; संकरित गाय तग धरत नाही. बैलावरची लहान गोचीड रक्त पिऊन गळते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि मोठी होऊन गायीला चिकटते. जंतू जातात ते गोचिडीच्या लाळेतून. मधे इतके दिवस जातात की बैलाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

बैल उतरवल्या दिवशीच कानाच्या आत, शेपटीखाली आणि मांड्यांच्या बेचक्यात बोटं फिरवून पाहा. गोचीडनाशक डॉक्टर सांगतील त्या मात्रेत द्या. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. नुसती जनावरं फवारणं हे अर्धं काम, आणि बहुतेक जण तेवढंच करतात.

प्रश्न : सात महिन्यांची गाभण गाय घ्यायची आहे. काय तपासू? (येवला)

पैसे देण्याआधी ब्रुसेलासाठी, म्हणजे गाय गाभडवणाऱ्या (गर्भपात घडवणाऱ्या) रोगासाठी, रक्त. गाभणपणात तपासणी कधी कधी चुकून ‘निर्दोष’ येते, म्हणून व्याल्यावर महिन्याभराने पुन्हा करा. ब्रुसेलाने गाभडलेली गाय पुढच्या खेपेला बहुधा नीट विते, म्हणूनच ती विकलीही जाते. जंतू मात्र टाकतच राहते. तिला वेगळ्या जागी विऊ द्या. वार (जार) आणि गर्भपाण्याला उघडा हात लावू नका, हा रोग माणसालाही होतो. वार खोल पुरून वर चुना टाका. घरच्या कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस एकदाच टोचून घ्या.

प्रश्न : जनावर आणलेली गाडी कशाने धुवावी? (मालेगाव)

आधी शेण खरवडा, मग साबणाच्या पाण्याने घासा, शेवटी १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून ओता आणि निदान १० मिनिटं ओलं राहू द्या. शेणावर ओतलेला सोडा वाया जातो. रबरी मॅट उचलून तिच्या खालची बाजूही धुवा, आणि ड्रायव्हरचे बूटही.