वाळवी, काळी माती आणि गादीवाफा

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आहे पण माती काळी, पावसाळ्यात पाणी साचून वांगी-टमाटर सडतात, म्हणून तीन वर्षांपूर्वी पॅकिंगच्या लाकडाचे उंच वाफे करून घेतले. आता फळ्या हाताने तुटतात. मिस्टर म्हणतात पत्रा लावू, सासरे म्हणतात नव्या फळ्यांना जळकं ऑइल (गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल) मारू. मला पुन्हापुन्हा खर्च नको, कमी पैशात टिकेल असं काय लावू? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांना प्रेमाने थांबवा. जळकं ऑइल मातीत उतरतं आणि त्याच मातीतला पालक तुमच्या ताटात येतो, तेव्हा भाजीच्या वाफ्याला ते नाहीच. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुणी स्वस्तात देत असेल तरी नको, त्यांना क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल) मुरवलेलं असतं. आणि सिमेंटचे जुने पत्रे कापून लावायचा विचार असेल तर तोही सोडा, त्यात अ‍ॅसबेस्टॉस असतं, कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते.

तुमच्या फळ्यांचं जे झालं ते माझ्याकडेही झालंय. वरून फळी चांगली दिसत होती, रंगसुद्धा शाबूत, पण अंगठा दाबला तर पापडासारखी आत गेली, उलटून बघितलं तर आत नुसत्या मातीच्या नळ्या. पॅकिंगचं लाकूड बहुतेक पाइनचं, ते ओल्या मातीला टेकलं की वाळवीला जेवणच. सागवान टिकतं, पण फक्त आतलं पक्कं लाकूड, कडेचा पांढरा भाग वाळवी तेवढ्याच आवडीने खाते आणि पक्क्या सागाचा भाव बघता भाजीच्या वाफ्याला तो परवडत नाही. पत्र्याचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पातळ पत्रा तापला की कडेची मुळं भाजतात, आणि कूलरच्या टाकीचा तळ कसा सडतो ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

माझं मत विचाराल तर जुन्या शहाबादी फरशा. नागपुरात जुनी घरं पाडणं सुरूच असतं, तिथे ठेकेदाराला विचारा, नव्यापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात. दोन बाय दोन फुटाची, इंचभर तरी जाड फरशी बघा आणि बोटाने ठोकून घ्या, आवाज खणखणीत आला पाहिजे, बद्द आला तर आत तडा आहे. 8 बाय 3 फुटाच्या वाफ्याला 11 फरशा लागतात, त्यातली एक मधोमध कापायची. दगडाला वाळवी नाही, गंज नाही, सडणं नाही.

खरी मेहनत मात्र खाली आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर नुसती उभी केलेली कोणतीही भिंत दोन वर्षांत बाहेर कलते. म्हणून फूटभर खोल चर खणा, तळाला तीन इंच मुरूम टाकून पाणी मारून चांगला धुम्मस करा म्हणजे ठोकून घट्ट बसवा, त्यावर फरशी उभी करा, नऊ इंच जमिनीत आणि पंधरा इंच वर, जराशी आतल्या बाजूला झुकलेली, आणि दोन्ही बाजूंनी परत मुरूमच ठोकून भरा. सिमेंट फक्त चार कोपऱ्यांत. मधले सांधे मोकळे ठेवा, पाणी तिथूनच निघतं, मी पहिल्यांदा सगळे सांधे बुजवले होते आणि वाफ्याचं टाकं झालं.

फरशा नाहीच मिळाल्या तर पक्की भाजलेली लाल वीट घ्या, मुरुमावर चार थर, एवढ्याच वाफ्याला साधारण 120 लागतील. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या कोळशाच्या राखेमुळे आपल्याकडे फ्लायअ‍ॅशची वीट सहज मिळते, कुंपणाला ती उत्तम, पण भाजीच्या मातीला चिकटून मी लाल वीटच लावीन.

वाफा घराच्या भिंतीला टेकवू नका, ओल येते. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नेऊ नका म्हणजे दोन्हीकडून मधोमध हात पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. भरताना तुमचीच काळी माती निम्मी, बाकी कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत, काठोकाठ भरा कारण पहिल्या पावसात ती तीन-चार इंच बसतेच. उन्हाळ्यात दगडही तापतो, तेव्हा कडेने धानाचं तणीस जाड अंथरा. हे सगळं जूनच्या आत उरका, आणि पहिल्या वर्षी कडेला सांभार (कोथिंबीर) टाका, मधे वांगी.