भाऊ इस्रायलमध्ये, आई शवागारात... थांबायचं की नाही?

हॉस्पिटलात समुपदेशन करताना कुणी गेलं की घरच्यांचा प्रश्न बहुतेकदा हाच असतो, मुलगा बाहेरदेशी आहे, थांबायचं का? हा प्रश्न सगळ्याच घरांत येतो, पण ठाण्यातल्या एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या ताईंनी विचारला तेव्हा मामला जरा जास्तच अवघड होता. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

आई शुक्रवारी पहाटे गेली, म्हातारपणाने, आजारपणाने. भाऊ इस्रायलमध्ये, अश्दोद शहरात. शवागारातला माणूस फॉर्म घेऊन उभा, त्यात कोल्ड स्टोरेज, आंघोळ, एम्बामिंग (मृतदेह टिकावा म्हणून रसायनं भरणं), पेटी, गाडी सगळं एकाखाली एक, ताई आपल्या सही करणार एवढ्यात थांबल्या नि मला म्हणाल्या, "मॅडम, आमच्यात शक्यतो त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दफन करतात. आईला फ्रीजमध्ये ठेवली तर पाप लागेल का? आणि नाही ठेवली तर दादा जन्मभर म्हणेल, माझ्यासाठी थांबली नाहीस."

आता यातलं पापाचं उत्तर मी द्यायचंच नाही. म्हटलं, आधी सिनेगॉगला, म्हणजे तुमच्या प्रार्थनास्थळाला फोन लावा. तिथल्या हझाननी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) दोन मिनिटांत सांगितलं की थांबायला मनाई नाही, कफन तयार व्हायचंय, जवळचा माणूस यायचाय, अशा मृताच्या मानासाठी थांबता येतं, उगाच मात्र लांबवायचं नाही. ताईंचा अर्धा भार तिथेच उतरला. पण शुक्रवार होता ना! शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस) दफन होत नाही, म्हणजे आज सूर्यास्ताच्या आत नाहीतर थेट रविवारी. आणि शब्बाथला एल अल या इस्रायली कंपनीची विमानंही उडत नाहीत, दादा स्वतः शब्बाथ पाळणारा, तो शनिवारी रात्री निघून कधी पोचणार याचा काही भरवसा नाही.

या सगळ्यात दादाला कुणी विचारलंच नव्हतं हो. मावशी म्हणत होती थांबा, मेहुणे म्हणत होते आटपा, आणि दोघंही "त्याला काय वाटेल" यावरच भांडत होते. हे मी नेहमी बघते, लांब असलेल्या माणसाच्या वतीने सगळे ठरवतात आणि मग दोष त्याच्या नावावर पडतो. ताईंना म्हटलं, स्पीकरवर फोन लावा, आणि "काय करू?" असं मोघम विचारू नका, "आज संध्याकाळी की रविवारी" एवढंच विचारा. तो आधी नुसताच रडला. मग म्हणाला, "आजच करा. आईला शब्बाथभर तिथे एकटी नको ठेवूस. मी इथे कद्दीश म्हणतो, माझ्याकडे दहा माणसं लगेच जमतील." कद्दीश ही मृतासाठी म्हणायची प्रार्थना, तिला मिन्यान म्हणजे दहा पुरुष लागतात, ते अश्दोदला सहज मिळतात, इथे समाज एवढासा उरलाय की शुक्रवारी दुपारी दहा जण गोळा करायला मेहुण्यांना फोनवर फोन करावे लागले.

मग फॉर्म परत हातात घेतला. शवागाराच्या सगळ्या सेवा घ्यायलाच पाहिजेत असं काही नसतं, हे लोकांना माहीतच नसतं बघा. एम्बामिंग खोडलं, ज्यू रीतीत ते टाळतात, आणि दफन आजच असेल तर त्याची गरजही नाही. मृतदेह विमानाने न्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहुतेकदा त्याचं सर्टिफिकेट मागतात, म्हणून आधी हझान आणि वकिलात दोघांशी बोलायचं. आंघोळपण खोडली, कारण ती तहारा म्हणून समाजातल्या बायकाच घालणार, बाईला बायका आणि पुरुषाला पुरुष, नंतर पांढरं साधं कफन, त्याला खिसा नसतो, श्रीमंत असो की गरीब. नेलपॉलिश काढू का, केस नीट करू का असं स्टाफने विचारलं, चांगल्या मनानेच विचारलं, तरी सांगितलं की काही करू नका, फक्त नळ्या-सुया काढा आणि चादर घाला. कोल्ड स्टोरेज दुपारपर्यंत ठेवलं. बाहेर कुणीतरी तेहिलीम (बायबलमधली स्तोत्रं) म्हणत बसेल, चालेल ना? असं विचारलं तर त्या माणसाने स्वतःची खुर्ची आणून दिली. बाकी डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट लगेच हातात घ्यायचं, दफनभूमीत ते मागतात, नोंदणीला 21 दिवस असतात.

अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असता तर पोस्टमॉर्टेम टळलं नसतं, धर्माचं कारण तिथे चालत नाही. मात्र 2021 पासून सोय असलेल्या हॉस्पिटलात सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेम करायला केंद्राची परवानगी आहे (खून, आत्महत्या वगैरे केसेस सोडून), तेव्हा घाई असेल तर विचारायला लाजू नका. आणि रक्त लागलेले कपडे फेकू देऊ नका, तेही सोबत पुरायची रीत आहे.

दफन उजेडात झालं. तिकडे इस्रायलमध्ये तेव्हा दुपारच होती, त्यामुळे दादाने व्हिडिओवर सगळं बघितलं. ताईंचा शिवाही, म्हणजे सात दिवसांचं सुतक, त्याच दिवसापासून मोजला गेला, शुक्रवारचा थोडासा वेळ हाच पहिला दिवस.

हेच सोमवारी झालं असतं आणि भाऊ मंगळवारी रात्री पोचणार असता, तर मी ताईंना म्हटलं असतं ठेवा आईला, एक-दोन रात्रींसाठीच तर कोल्ड स्टोरेज असतं, फक्त एम्बामिंगवर सही करू नका.