'वितरण' नव्हे, आढळ. आणि अर्चिनच्या अंगावरचा काटा

प्रश्न असा आला आहे: "'ब्रिसॉप्सिस लायरिफेरा या खोल पाण्यात बीळ करून राहणाऱ्या सी-अर्चिनचे वितरण व अधिवास' असे शीर्षक बरोबर आहे का? आणि अर्चिनला मराठी शब्द काय?" (सी-अर्चिन म्हणजे समुद्रतळाशी राहणारा, कवचावर काटे असलेला प्राणी.)

'अधिवास' ठीक आहे, त्याला हात लावू नका. 'वितरण' मात्र खोडा, आत्ताच. हा शब्द प्राण्यांच्या लेखात दिसला की माझा संताप होतो. वितरण म्हणजे वाटप. वीज, वर्तमानपत्र, धान्य यांचे वितरण होते, कारण तिथे वाटणारा कुणीतरी असतो. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये हा जीव कुणी वाटलेला नाही, तो तिथे आढळतो. म्हणून 'आढळ'. पक्ष्यांवर आणि वनस्पतींवर लिहिणारी मंडळी हा शब्द किती सहज वापरतात! भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत 'लोकसंख्येचे वितरण' छापतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. ती 'डिस्ट्रिब्यूशन' या इंग्रजी शब्दावर बसवलेली चकती आहे आणि तीन पिढ्या आपण ती पाठ करतो आहोत. टंकताना एवढेच सांभाळा की 'अढळ' होऊ देऊ नका. अढळ तो ध्रुव.

'बीळ'ही मला खटकते. बीळ म्हणजे आत-बाहेर करता येईल अशी पोकळी. हा प्राणी गाळाच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर राहतो, चिखल गिळत पुढे सरकतो आणि मागची वाट गाळानेच भरून जाते. उंदराचे बीळ नव्हे, ही नांगरट आहे. 'गाळात पुरून राहणारा' म्हणा.

आता अर्चिन. हा शब्द मुळात समुद्राचा नाहीच. इंग्रजीत तो आधी जमिनीवरच्या एका छोट्या काटेरी प्राण्याचा होता, संस्कृतात ज्याला जाहक आणि आजच्या इंग्रजीत हेजहॉग म्हणतात त्याचा. 'उनाड पोर' हा अर्थ त्यावरूनच पुढे आला. त्यामुळे यंत्राकडून भाषांतर करून 'समुद्री पोरगा' लिहिणारे दोनदा चुकतात. इंग्रजीत हा शब्द नॉर्मन फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन 'एरिकिउस'वरून, आणि एरिकिउसच्या पोटात त्याहून जुना, इवलासा 'एर' आहे. या 'एर'च्या आरंभी एके काळी ह होता, तो झिजला. तो ह परत लावला की दार उघडते. आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची पूर्वज मानलेल्या भाषेत 'घेर्स' असा एक धातू मानतात, अर्थ 'केस ताठ उभे राहणे'. लॅटिनमध्ये त्याचे 'होर्रेरे' झाले, ज्यातून 'हॉरर' आला. संस्कृतात त्याचाच 'हृष्' झाला.

म्हणजे हर्ष! हर्षाचा मूळ अर्थ आनंद नव्हे, अंगावरचे केस उभे राहणे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला 'रोमहर्ष' होतो तो काही आनंदाने नव्हे. भीतीने केस उभे राहतात, सुखानेही राहतात. लॅटिनने भीती उचलली, संस्कृतने पुढे सुख उचलले. आणि मराठीने काय केले पाहा: आपण म्हणतो 'अंगावर काटा आला'. केस नाही म्हणत, काटा म्हणतो. ज्या प्रतिमेतून हजारो वर्षांपूर्वी त्या काटेरी प्राण्याला नाव मिळाले, तीच प्रतिमा मराठी माणसाला स्वतंत्रपणे सुचली. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा माझ्याही अंगावर खरोखर काटा आला होता.

याच धातूवरून मी हृषीकेशाकडेही पाहते. टीकाकार हृषीक म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश, अशी फोड करतात. मला ती नंतर जुळवलेली वाटते. 'हृषी-केश', ताठ केसांचा, हा अर्थ किती सरळ आहे! युरोपीय कोशकारांनीही ही शक्यता नोंदवलेली आहे. भक्तिभावाला धक्का नको म्हणून ती बाजूला सारणे हे व्युत्पत्तीचे काम नव्हे.

दुसरीकडे, जाहकाच्या ग्रीक नावाचा, 'एखिनॉस'चा (यावरूनच 'एकायनोडर्म', आपले कंटकचर्मी) संबंध 'एखिस' म्हणजे साप याच्याशी, आणि तिथून आपल्या 'अहि'शी लावणारेही आहेत: जाहक साप खातो म्हणून तो 'सर्पवाला'. मला हे पटत नाही. जो प्राणी बघताच काटे दिसतात, त्याला माणूस त्याच्या जेवणावरून नाव देईल?

मग मराठीत काय म्हणावे? हिंदीतला 'जलसाही' जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे साळू आहे, साळिंदर आहे, आणि साळूच्या मुळाशी संस्कृत शल्यक, शलली. सीमंतोन्नयनात पत्नीचा भांग पाडायला गृह्यसूत्रांनी सांगितलेली तीन पांढऱ्या पट्ट्यांची शलली ती हीच, साळूचा काटा. मनातला सलही त्याच गोतातला. काटेकोर मंडळी म्हणतील, अर्चिन म्हणजे जाहक, साळू नव्हे. खरे आहे, आणि ब्रिसॉप्सिसचे बारीक, मागे विंचरल्यासारखे काटे पाहिले तर जाहकच आठवतो. पण जाहक कोण ओळखते? ब्रिसॉप्सिसला मी 'गाळसाळू' म्हणते.

या गाळसाळूच्या शास्त्रीय नावातही गंमत आहे. अॅरिस्टॉटलने अर्चिनचे प्रकार सांगताना दोन वेगळे काढले, स्पातांगॉस आणि ब्रिसॉस, आणि लिहिले की हे भर समुद्रात असतात आणि दुर्मीळ असतात. ब्रिसॉप्सिस म्हणजे 'ब्रिसॉससारखा दिसणारा'. त्यातला 'ऑप्स' आपल्या 'अक्षि'चा भाऊबंद. लायरिफेरा म्हणजे 'लायर धारण करणारा', पाठीवरच्या लायर या तंतुवाद्याच्या आकाराच्या पट्ट्यामुळे. हे नाव 1841 साली एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने दिले. त्याच फोर्ब्सने दोन वर्षांनी मांडले की 300 वावांच्या, म्हणजे सुमारे 550 मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. (फॅदमला वाव हा शब्द असताना 'फॅदम' का लिहावे?) गाळसाळूचा आढळ साधारण 500 मीटरपर्यंत आहे, तेव्हा फोर्ब्सला त्याने उघडे पाडले नाही. ते काम त्याच्या दूरच्या नातलगांनी केले: फ्लोरिडाजवळच्या खोल पाण्यातून उपसलेल्या, अंड्याच्या टरफलासारख्या पातळ कवचाच्या अर्चिनला 1869 मध्ये अलेक्झांडर अॅगासिझ या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने पूर्तालेसिया नाव दिले, आणि त्या कुळातले प्राणी पुढे 7000 मीटरहून खोल खंदकांतही सापडले.

तर शीर्षक असे करा: 'गाळात पुरून राहणाऱ्या गाळसाळूचा आढळ व अधिवास'. मजकुरात लिहा की आढळ नॉर्वेपासून भूमध्य समुद्रापर्यंत आणि आफ्रिकेच्या अटलांटिक बाजूने खाली आहे, आणि अधिवास मऊ चिखलाचा तळ. वाळू नव्हे. वाळूतला तो दुसरा, एकिनोकार्डियम.