बाटली दिसली की तोंड फिरवते

प्रश्न : ताई, माझी मुलगी चार महिन्यांची आहे, पूर्ण अंगावरच पिते. पुढच्या महिन्यात ऑफिस जॉइन करायचंय, डोंबिवलीहून फोर्टला, म्हणजे सकाळी आठला घर सोडलं की परत यायला साडेसात. आठ दिवस झाले बाटलीची सवय लावायला बघतेय. पहिल्या दिवशी निपल नुसतं चघळत बसली, दुसऱ्या दिवसापासून बाटली दिसली की तोंड फिरवते आणि किंचाळते. काल एवढी रडली की मलाही रडू आलं आणि शेवटी अंगावरच घेतलं. तीन कंपन्यांच्या बाटल्या आणून झाल्या, त्यातली एक बाराशेची. आई म्हणते एक दिवस उपाशी ठेव, झक मारत घेईल. सासूबाई म्हणतात निपलला मध लाव. नवरा म्हणतो एवढं असेल तर सोड नोकरी. कुणाचं ऐकू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : अगं, तिघांचंही ऐकू नकोस. नोकरीचं तू आणि नवरा बघून घ्या, पण मध तर अजिबात नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नाही चाटवायचं, त्यातल्या जंतूंनी लहान बाळांना बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि उपाशी ठेवायचं म्हणशील तर भुकेने कळवळलेलं पोर काही शिकत नाही गं, बाटली आली की रडारड एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. तुझ्या लेकीच्या डोक्यात ते आधीच बसलंय बहुतेक, म्हणून पहिलं काम हे की दोन-तीन दिवस बाटल्या कपाटात ठेवून दे. बाराशेची पण.

आता ती असं का करते. अगदी तान्ह्या बाळाच्या तोंडात काहीही गेलं की ते आपोआप चोखतं, तिथे त्याची मर्जी नसते. तीन-चार महिन्यांनंतर ते आपोआपचं चोखणं कमी होतं आणि बाळ स्वतः ठरवायला लागतं. तुझी लेक नेमकी त्या वयात आलीय. शिवाय अंगावर पिताना ती मोठा आ करते, आधी थोडं भराभर चोखते, मग मिनिटभरात तुला पान्हा फुटतो आणि पुढे दूध किती जोरात यायचं ते बरंचसं तीच ठरवते. बाटली उलटी केली की मागितलं नसताना घशात धार. ते निपल खायचं-प्यायचं काहीतरी आहे हेच अजून तिला कळलेलं नाही, त्याला आपण हट्ट म्हणतो.

एक विचारते, फ्रीजमधलं दूध तू स्वतः चाखून बघितलंस का? हसू नकोस, खरंच बघ. काही बायकांच्या दुधात लायपेझ नावाचं एन्झाइम जास्त काम करतं आणि काढलेलं दूध काही तासांनी साबणासारखं लागतं, वास पण तसाच येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळं थू थू करतात आणि घरचे निपल बदलत बसतात. एकदा ताजं काढलेलं, कोमट असतानाच देऊन बघ. ताजं घेतलं आणि साठवलेलं नाकारलं तर चोर सापडला. मग पुढच्या वेळी काढल्या काढल्या छोट्या पातेल्यात घालून कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही, लगेच गार पाण्यात पातेलं ठेवून थंड करायचं आणि मग साठवायचं. थोडी पोषणद्रव्यं त्यात कमी होतात, म्हणून गरज असेल तरच हा उद्योग. साठवलेल्या दुधावर सायीचा थर आला तर घाबरू नकोस, हलक्या हाताने गोल फिरव, मिसळतं.

दोन-तीन दिवसांनी परत सुरू करशील तेव्हा बाटली तू द्यायची नाहीस. तुझा वास आला की ती म्हणणार, खरा माल इथे असताना हे काय. आजीने दे, नवऱ्याने दे, तू खाली जाऊन भाजी घेऊन ये. अंगावर पिऊन तास-दीड तास झालाय, पोट थोडं रिकामं पण मूड चांगला, अशी वेळ पकडायची. बाटलीत पंधरा-वीस मिली, जास्त नाही, म्हणजे सांडलं-फेकलं तरी तुझा जीव जळणार नाही. निपल सगळ्यात हळू फ्लोचं, वापरायच्या आधी कोमट पाण्यात धरलेलं. मांडीवर बऱ्यापैकी बसतं धरायचं, बाटली जवळजवळ आडवी, निपल वरच्या ओठाला टेकवायचं आणि थांबायचं. आत ढकलायचं नाही, तिने आ केला की जाऊ द्यायचं. चार-पाच घोट झाले की बाटली थोडी खाली करायची, श्वास घेऊ द्यायचा, परत. नुसतं चघळलं तरी चालेल, पहिले काही दिवस ते खेळणंच आहे. दहा मिनिटांत रडायला लागली तर बंद, शांत करायचं, उद्या बघू. काही बाळं पेंगुळलेली असताना घेतात, काही कडेवर घेऊन फेऱ्या मारताना, हे करूनच कळतं.

आणि एवढं करून नाहीच घेतली तर? नाही घेतली. माझ्या मुलाने बाटली शेवटपर्यंत घेतली नाही. मी कामाला जायचे आणि माझे सासरे खिडकीशी बसून, मॅच लावून, लोणच्याच्या छोट्या स्टीलच्या वाटीने त्याला दूध पाजायचे. पहिल्या आठवड्यात अर्धं दूध त्यांच्या बनियनवर. दुसऱ्या आठवड्यात पोरगा वाटी दिसली की ओठ पुढे करायला लागला, आणि विकेट पडली की सासऱ्यांचा हात हलायचा तेवढंच सांडायचं. तुला बाटलीच शिकवायचीय की तू नसताना तिचं पोट भरायचंय, एवढं एकदा ठरव. पोटच भरायचं असेल तर वाटी आहे, चमचा आहे, चोचीचं बोंडलं आहे, आणि धुवायला-उकळायला ही भांडी बाटलीपेक्षा कितीतरी सोपी. म्हणून तर आपल्याकडचे डॉक्टर बाटलीआधी वाटी-चमचा सुचवतात. टीव्हीवर दुधाच्या बाटलीची जाहिरात दिसत नाही ना, १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे तिच्यावर बंदीच आहे.

किती दूध ठेवायचं यावरून फार बायका घाबरतात, डब्यावरचा तक्ता बघतात आणि म्हणतात एका वेळी दीडशे मिली कुठून आणू. तो तक्ता पावडरच्या दुधाचा असतो. आईचं दूध पिणारं बाळ एक महिन्याचं झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसभरात साधारण तेवढंच पितं, सरासरी साडेसातशे-आठशे मिली. तू नसशील त्या प्रत्येक तासाला तीसेक मिली धर. साडेअकरा तासांचे साधारण साडेतीनशे झाले, चार वेळा विभागून. ते पण निघताना आणि आल्या आल्या अंगावर घेतलंस तर थोडं कमी लागेल. आजपासून सकाळच्या पहिल्या फीडनंतर रोज पन्नास-साठ मिली काढत गेलीस तरी साठा होतो, तेव्हा दूध जास्त असतं.

साठवायचं कसं : बाहेर जास्तीत जास्त चार तास, आणि ते पंचवीस डिग्रीचं गणित आहे, डोंबिवलीच्या मे महिन्याचं नाही, तेव्हा काढलं की सरळ फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये चार दिवस, दारात नाही, आत मागच्या बाजूला. फ्रीझरमध्ये सहा महिने, पण तुमच्याकडे लाइट किती जाते ते बघून. वितळलेलं दूध चोवीस तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. वाटीभर गरम पाण्यात बाटली ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्ह नको, मधेच चटका बसेल इतकं गरम होतं. बाळाचं उष्टं राहिलेलं दोन तासांच्या आत दिलं तर ठीक, नाहीतर ओतून द्यायचं. ते ओतताना काय होतं मला माहितीय.

ऑफिसमध्ये दर तीनेक तासांनी काढ, नाहीतर छाती दगडासारखी होईल आणि दूधही कमी होत जाईल. लोकलने आणायला बर्फाच्या पॅकची इन्सुलेटेड बॅग पुरते. आणि एचआरला लाजू नकोस. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय) बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या मधल्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन नर्सिंग ब्रेक आहेत, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. फोर्टला पाच महिन्यांचं बाळ लोकलने न्यायचं कसं हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नसावा, पण दूध काढायला जागा मागायला हे दोन ब्रेक उपयोगी पडतात. टॉयलेटमध्ये काढू नकोस, रिकामी मीटिंग रूम माग.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या आठवड्यात दचकणार नाहीस. काही बाळं दिवसभर जेमतेम घेतात आणि आई आली की रात्रभर वसूल करतात. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, बाळ हसतंय-खेळतंय तर चालू दे. लघवी कमी झाली, मलूल वाटली, किंवा पिताना दर वेळी ठसका लागतो असं दिसलं तर डॉक्टरांना दाखव. आणि तू जॉइन होशील तेव्हा ती पाच महिन्यांची असेल, पुढे एका महिन्यात पेज, वरणाचं मऊसूत सुरू. वाटीने प्यायला शिकली असेल तर तेच भांडं तेव्हाही कामाला येईल आणि बाटली सोडवायचा दुसरा तमाशा वाचेल.

प्रश्न : आमच्या नातवाच्या बारशाला मी चांदीचं बोंडलं दिलं. सून नोकरीला लागली, दिवसा बाळ माझ्याकडे असतं. मी बोंडल्याने पाजते म्हटलं तर सून म्हणते बाळाला ठसका लागेल, आणि ते अस्वच्छ असतं. आमची तिन्ही मुलं बोंडल्यावरच वाढली. मी चुकते का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, बोंडलं उत्तम आहे. लवकर जन्मलेल्या, चोखायची ताकद नसलेल्या बाळांना कितीतरी हॉस्पिटलांत अजून तसल्याच चोचीच्या भांड्याने दूध देतात, त्याला पलाडा म्हणतात, आपल्या बोंडल्याचाच भाऊ. पण सूनबाईची भीती पण खोटी नाही, कारण जुनी पद्धत आठवा, पाय पसरून बाळाला पायांवर आडवं घ्यायचं, गाल दाबायचे आणि धार सोडायची, बाळ रडतंय आणि आपण ओततोय. ठसका तिथे लागतो, दूध श्वासनलिकेत जायची भीती असते.

असं करा. बाळाला मांडीवर बसतं धरा, डोकं-मान हाताच्या आधाराने, गळ्याखाली जाड फडकं. बोंडलं अर्ध्याच्या वर भरू नका. चोच खालच्या ओठावर, कोपऱ्याकडे टेकवा आणि दूध ओठापर्यंत येईल एवढंच तिरकं करा. मग तुम्ही काही करायचं नाही, ते जिभेने स्वतः ओढून घेतं, मांजराच्या पिल्लासारखं. गिळलं का बघायचं, मग पुढचं. रडत असेल, झोपेत असेल तर द्यायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतील.

स्वच्छतेचं म्हणाल तर चोचीच्या आतल्या बाजूला साय चिकटून राहते, ती नुसत्या विसळण्याने जात नाही. वापरून झालं की लगेच साबणाने आत बोट किंवा छोटा ब्रश घालून घासायचं आणि पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायचं. चांदी काळी पडली म्हणून पॉलिश लावू नका, रोजच्याला स्टीलचं बोंडलं आणा, ते स्वस्त असतं, आणि चांदीचं सणावाराला ठेवा. रविवारी सुनेला शेजारी बसवून एकदा पाजून दाखवा, फोनवर सांगून पटणारी ही गोष्ट नाही. आणि त्यात दूध तिचंच घाला बरं का, सहा महिन्यांपर्यंत गाईचं पाणी घातलेलं दूध, साखरपाणी, गुटी असलं काही नको.

प्रश्न : आमचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. बायको रात्री सारखी उठते, तिची झोपच होत नाही. रात्रीची एक बाटली मी दिली तर?
– एक बाबा, पुणे

उत्तर : विचार चांगला आहे हो, फक्त थोडा लवकर आलाय. पहिले चार-सहा आठवडे दूध किती बनवायचं हे शरीर बाळाच्या पिण्यावरून ठरवत असतं, आणि रात्रीचं पाजणं त्यात मोठं काम करतं. तेव्हाचं एक फीड चुकलं तरी बायको पहाटे भरलेली छाती घेऊन उठणारच, म्हणजे झोप काही मिळाली नाही. तोपर्यंत रात्री बाळाला उचलून तिच्याजवळ आणून द्या, ढेकर काढा, लंगोट बदला, परत झोपवा, तिने फक्त कुशीवर वळून पाजायचं. सहाव्या आठवड्यानंतर बाळ नीट पकडून पितंय, वजन वाढतंय असं दिसलं की संध्याकाळी काढलेलं पन्नास-साठ मिली तुम्ही द्या, कसं द्यायचं ते वर डोंबिवलीच्या ताईला सांगितलंय. तेवढ्या वेळात बायकोला दार लावून निवांत अंघोळ करू दे, आणि बाळ रडलं तरी दारावर टकटक करू नका.