गोंड मुलांना पुढं आणणाऱ्या आमच्या सरांची बदली झाली आहे. निरोपाच्या मानपत्रात काय लिहावं?

‘विद्यार्थीप्रिय, शिस्तप्रिय, मनमिळाऊ’ असलं काही लिहू नका. ते बदली झालेल्या प्रत्येक मास्तरसाठी लिहितात. तुमच्या सरांनी काय केलं ते तुम्ही प्रश्नातच सांगितलंय: पहिली-दुसरीच्या लेकरांशी गोंडीत बोलले, परिपाठ मुलांच्या हाती दिला, शालेय मंत्रिमंडळात मुलींना उभं केलं. तेच उतरवा. पण पुढं तुम्ही असंही लिहिलंय की गावातले काही शिकलेले लोक म्हणतात, ‘यानं पोरांचं मराठी कच्चं ठेवलं, सत्कार कायचा?’ ते वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या घरात वर्षानुवर्षं ऐकतेय.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातली, गोंड. सध्या आरोग्यसेविका आहे. आमच्या शाळेत दर गॅदरिंगला एक ‘आदिवासी नृत्य’ ठरलेलं असायचं. पोरींच्या कमरेला पळसाची पानं सेफ्टी पिनांनी टाचायची, तोंडावर पांढऱ्या रंगाचे ठिपके, डोक्यात कोंबड्याची पिसं, आणि कॅसेटवर सिनेमातलं गाणं. कार्यक्रम सुरू होईपर्यंत पानं वाळून चुरचुरायची, पिना टोचायच्या. आमच्या आया समोर सतरंजीवर बसून खाली मान घालायच्या. आमच्या घरात असं कोणी कधी नेसलं नव्हतं.

मी सहावीत असताना नवे सर आले. भंडाऱ्याकडचे, गोंडीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी एक जाड वही केली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे आम्ही सांगू तो गोंडी शब्द देवनागरीत, आणि त्यापुढं सांगणाऱ्याचं नाव. पहिलीतल्या पोरानं शब्द दिला तर त्याचंही नाव. माझी धाकटी बहीण घरी येऊन सांगायची, आज सरांना मी शिकवलं. इतिहासात 1857 आलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि इंग्रजांशी लढलेले आमच्या गोंडांचे बाबुराव शेडमाके सांगितले. 21 ऑक्टोबर 1858 ला त्यांना चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फाशी दिलं. चांदा आमच्या लोकांना ठाऊक होतं, मोठा दवाखाना तिथंच. वर्गात दोघं शेडमाके होते, ते दिवसभर ताठ बसले.

त्या वर्षी सरांनी पानांचा नाच बंद केला. काय करायचं ते मंत्रिमंडळानं ठरवा म्हणाले. आम्ही रेला ठरवला, आमचा गोंडांचा समूहनाच. शिकवायला गावातल्या बाया शाळेत आल्या, बापे ढोल घेऊन आले. आम्ही आयांची लुगडी नेसून, एकमेकींच्या कमरेला हात घालून नाचलो. मग प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, नाच चांगला झाला, पण पारंपरिक वेशभूषा असती तर अजून शोभला असता. मुख्याध्यापक रागानं सरांकडे बघायला लागले. सर जागचे उठले नाहीत. मी सांस्कृतिक मंत्री होते. मला हळूच म्हणाले, ‘उत्तर तुझं आहे. द्यायचं असेल तर दे.’

मी माईकपाशी गेले. म्हणाले, ‘साहेब, हीच आमची वेशभूषा आहे. ही लुगडी आमच्या आयांची आहेत. त्या समोरच बसल्यात, त्यांना विचारा.’ पुढं काही सुचेना, तशीच उभी राहिले. तेवढ्यात बायांमधली एक मोठ्यानं गोंडीत बोलली, मग दुसरी, मग सगळ्याच. शाळेच्या आवारात, मुख्याध्यापकांच्या देखत आमच्या आया इतक्या मोठ्यानं बोललेल्या मी तोवर ऐकल्या नव्हत्या.

त्या रात्री मामानं मला झापलं. मामा नोकरीवाला, गडचिरोलीला राहायचा. ‘तुले मधात बोलाची काय गरज होती? तो मास्तर जाईन निघून, अन् तू राहशीन इथंच गोंडी बोलत.’ आजही त्याचं म्हणणं तेच, की त्या सरांनी आमचं नुकसान केलं.

मामा चुकतो. पहिलीतल्या पोराला शिक्षकाचं बोलणंच कळत नसेल तर त्याचं मराठीही कच्चं राहतं आणि गणितही. ते आधी गप्प बसतं, मग शाळा सोडतं. घरच्या भाषेचा आधार मिळालेलं पोर मराठीत लवकर रुळतं. माझे सगळे अहवाल मी मराठीत लिहिते, आणि गरोदर बाईशी गोंडीत बोलते म्हणून ती मला खरं दुखणं सांगते. मामाच्या पोरांना स्वतःच्या आजीशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत.

आमचे सर हे करत होते तेव्हा शिक्षण हक्क कायदा यायचा होता. 2009 च्या त्या कायद्याचं कलम 29 म्हणतं की शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय करा म्हणणारं संविधानाचं कलम 350 क त्याच्याही कितीतरी आधीचं. तरी 2011 च्या जनगणनेत 29 लाखांवर लोकांनी आपली भाषा म्हणून सांगितलेली गोंडी संविधानातल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, नाही. आमच्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेला 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः काढावी लागली. बाकी गावांत सगळं एखाद्या शिक्षकाच्या मनावर. म्हणून त्याचं कौतुक लेखी झालं पाहिजे.

शाल-श्रीफळ द्या, हरकत नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी घ्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा टीका करणाऱ्यांची परवानगी लागत नाही. ठरावात कामं एकेक करून लिहा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकाला स्वतः अर्ज करावा लागतो. असे सर तो सहसा भरत नाहीत, मागं लागून भरायला लावा आणि ठराव सोबत जोडायला सांगा. मानपत्र गोंडीत आणि मराठीत दोन्ही करा. वाचायला सरपंचांना न लावता मंत्रिमंडळातल्या मुलीला उभं करा.

एक मात्र आहे. नाराज पालकांशी भांडू नका. मराठी येत नाही म्हणून तहसीलमध्ये, दवाखान्यात ज्यांनी बोलणी खाल्ली, ते आपल्या लेकरांना त्यातून वाचवायला बघतात. त्यांना मुलांच्या मराठीच्या वह्या दाखवा. आणि गोंडी, माडिया, मराठी बोलणारी पोरं एकाच वर्गात असतील तर एकट्या शिक्षकाला हे सगळं जमतंच असं नाही.

सरांनी शब्दांची, गाण्यांची काही वही केली असेल तर तिची झेरॉक्स निरोपाच्या आधीच काढून घ्या. नवे सर रुजू होतील त्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी ती त्यांच्या हातात द्यावी. कपाटात ठेवली तर पुढच्या रंगरंगोटीत रद्दीत जाते. आमच्या सरांची तशीच गेली.