पप्पांना अग्नी दिला, आता ते उठणार कसे?

पत्र थोडक्यात देते: "ताई, मी वसईची, कॅथलिक. गेल्या महिन्यात पप्पा गेले. ते कायम म्हणायचे, मला पुरू नका, जाळा, सिमिट्रीत आधीच जागा नाही. आम्ही तसंच केलं, चर्चमध्ये मिस्साविधी झाला आणि मग विद्युतदाहिनी. तेव्हापासून आत्या धड बोलत नाही. म्हणते, शरीरच ठेवलं नाहीत तर शेवटच्या दिवशी माझा भाऊ उठणार कशातून? अस्थी अजून घरातच आहेत. भाऊ म्हणतो अर्नाळ्याला समुद्रात सोडू, मम्मी म्हणते कपाटात राहू दे. मला झोप लागत नाही. आम्ही पप्पांचं वाटोळं केलं का?"

नाही गं, काही वाटोळं केलं नाहीत. आधी हे डोक्यात पक्कं कर, मग बाकीचं वाच.

आत्यावर चिडू नकोस. ती उगाच काहीतरी बोलत नाहीये, ती लहान असताना कॅथलिक लोकांना दहनाची खरंच बंदी होती, 1917च्या चर्च कायद्यात तर असं होतं की ज्याने स्वतः दहन मागितलं त्याला चर्चचा अंत्यविधीच मिळणार नाही. पण देवाला राखेतून माणूस उठवता येत नाही, असं चर्चने तेव्हाही कधी म्हटलं नव्हतं. बंदी होती कारण 19व्या शतकात युरोपात काही लोक मुद्दाम, पुनरुत्थान, म्हणजे मेलेले पुन्हा उठणार, वगैरे सगळं झूठ आहे हे दाखवायला दहन करून घ्यायचे. 1963ला रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, बंदी उठवली, आजही दफनच जास्त पसंत आहे, पण दहन चालतं, विश्वास नाकारायला केलेलं नसलं म्हणजे झालं. तुझ्या पप्पांनी तर दुसऱ्याला जागा मिळावी म्हणून सांगितलं होतं!

आता उठणार कसे. आपली शिकवण अशी की आत्मा मरणाच्या क्षणीच देवासमोर उभा राहतो, त्याचा न्याय तिथेच होतो, कुणी सरळ स्वर्गात, कुणाला आधी शुद्धीस्थानातून, म्हणजे आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेतून, जावं लागतं, आणि देवाला शेवटपर्यंत नकोच म्हणणारा नरकात. शरीराचं पुनरुत्थान जगाच्या अंती. म्हणजे पप्पा आत्ता त्या कलशात अडकून पडलेत असं मुळीच नाही. आणि जमिनीत पुरलेलं तरी कुठे टिकतं? जागा कमी म्हणून कबरी पुन्हा उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आत्यानेही हे पाहिलं असेल. बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांना पत्रात हेच लिहिलंय, पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच.

तरी आत्याला पटलं नाही तर तिला जोन ऑफ आर्कची गोष्ट सांग. 1431ला फ्रान्समध्ये रूआँला तिला जिवंत जाळलं, राख सेन नदीत फेकली, आणि त्याच चर्चने 1920ला तिला संत जाहीर केलं. आणि आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया, 1597ला नागासाकीत क्रूसावर मारला गेला, त्याचं थडगं काही वसईत नाही, तरी सण आपण जोरात करतोच ना.

आता घरातला कलश. इथे मात्र भाऊ आणि मम्मी दोघांनाही थोडं मागे यावं लागेल. 2016ला रोमने स्पष्ट सांगितलंय की राख समुद्रात, हवेत विखरायची नाही, घरच्यांनी वाटून घ्यायची नाही, घरात ठेवायची नाही, सिमिट्रीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायची. मला हा नियम बरा वाटतो, कारण कपाटातला कलश आज मम्मीचा आधार आहे पण पुढच्या पिढीत कुणीतरी घर रिकामं करताना त्याचं काय करेल कोण जाणे, आणि सिमिट्रीत कुणीही जाऊन प्रार्थना करू शकतं, आत्यासुद्धा. मम्मीला फारच जड जात असेल तर 2023च्या डिसेंबरमध्ये थोडी वाट मोकळी झालीये, बाकीची राख पवित्र जागी असेल तर अगदी थोडा भाग पप्पांच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या जागी ठेवायची परवानगी कुटुंब मागू शकतं. पण ती चर्चच्या अधिकाऱ्यांकडून घ्यायची, आपल्या मनाने नाही, आणि मिळेलच असंही नाही.

भावाला अर्नाळ्याला जायचंच असेल तर सगळे मिळून जा की, फक्त कलश नेऊ नका.

या आठवड्यात तुमच्या फादरना जाऊन भेट, कोनाडा मिळतो का विचार, दहनाची पावती आणि डेथ सर्टिफिकेट सोबत ने. पप्पांच्या नावाने मिस्साही ठेवायला सांग, शुद्धीस्थानातल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेचा उपयोग होतो असं आपण मानतो, म्हणजे तुझ्या हातात करण्यासारखं अजून बरंच आहे, नुसतं रात्रभर जागून काही होत नाही. आणि कलश ठेवायची तारीख ठरवायच्या आधी आत्याला फोन कर, ठरल्यावर नको.